माणसांचं पथ्य

जयवंत खैरनारचं ब्लडप्रेशर त्या सकाळी एकशे अठरा-शहात्तर होतं, आणि त्याचं कौतुक करायला घरात कोणी नव्हतं.

आकडा मनगटावर हिरव्या उजेडात उमटला होता. कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक बसवलेला, तो दर ठोक्याला दाब मोजायचा. सत्तावन्न वर्षांच्या माणसाचा, त्यातून लोकांच्या घरांत फर्निचर करून देणाऱ्या कंत्राटदाराचा, असा आकडा म्हणजे मिरवण्यासारखीच गोष्ट. दोनेक वर्षांपूर्वी वरचा आकडा एकशे नव्वदच्या आसपास घुटमळत होता, तेव्हा कॉलेज रोडच्या एका साइटवर इरफान मिस्त्रीवर ओरडता ओरडता जयवंतच्या नाकाचा घोळणा फुटला होता. आता घोळणा फुटत नव्हता. आता तो कुणावर ओरडतही नव्हता, कारण ओरडण्याजोगं माणूसच समोर येत नव्हतं. मापं यंत्र घ्यायचं, निरोप फोन द्यायचा, आणि इरफान कुठल्या साइटवर आहे ते नकाशावरच्या ठिपक्यावरून कळायचं.

चहाचा कप घेऊन तो गॅलरीत आला. समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांतही एकेक माणूस एकेक कप घेऊन बसलेलं. सगळ्यांची मनगटं हिरवी. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. गंगापूर रोडवरची ही सोसायटी एकेकाळी भांडखोर म्हणून नावाजलेली होती. पाण्याचा टँकर, पार्किंग, कुणाचं तरी कुत्रं, कुठल्याही कारणावरून सकाळी खाली अशी जुंपायची की पेपर वाचणं मुश्कील व्हायचं. आता वरच्या मजल्यावरच्या कुंडीतलं पाणी खालच्याच्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर ठिबकलं, तरी खालचा माणूस ब्र काढत नसे. सदरा उचलून आत नेत असे.

ही सगळी ‘समतोल’ नावाच्या यंत्रणेची कृपा.

रक्तदाब हा काही टाकीतल्या पाण्यासारखा एका पातळीला राहत नाही. तो ठोक्याठोक्याला बदलतो. जिना चढलं की चढतो, दगदगीने चढतो, झोपलं की उतरतो. जुन्या काळी दवाखान्यात महिन्यातून एकदा दंडाला पट्टा गुंडाळून तो मोजायचे, म्हणजे सिनेमातलं एकच चित्र बघून अख्खी गोष्ट सांगायचा प्रकार. कातडीखालच्या दाण्याने पूर्ण सिनेमा दाखवला. हृदयातून निघालेली लाट मनगटापर्यंत किती वेगाने पोचते, यावरून तो दाब काढायचा. रक्तवाहिनी जितकी ताठ, तितकी लाट जलद. माणूस काय खातोय, किती चालतोय, कुणाशी बोलतोय, हे त्याच वेळी फोन टिपून ठेवायचा. मग गणिताने एकेक कारण वेगळं काढता आलं. एवढा चढ मिठाचा, एवढा अपुऱ्या झोपेचा, एवढा जिन्याचा. हे सगळं वजा करूनही जो चढ उरला, तो माणसांचा निघाला.

अमुक माणूस समोर आलं की तुमचा दाब किती चढतो, आणि ते गेल्यावर उतरायला किती वेळ घेतो, याचा प्रत्येक माणसामागे एक आकडा काढता येऊ लागला. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, व्यक्तिभार. शहरात तिशी-चाळिशी ओलांडलेल्या तिघांपैकी एकाला ब्लडप्रेशर; गोळ्या खाऊन लोक कंटाळलेले. जास्त भाराची माणसं ज्यांनी कमी केली त्यांना अर्धांगाचे झटके कमी येतात, हे एकदा दिसल्यावर मग कोण थांबतंय? मीठ, तेल, तंबाखू यांच्या पंक्तीला माणसंही जाऊन बसली. काही बेताने घ्यायची, काही वर्ज्य करायची.

जयवंतने ते पथ्य घेतलं तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. डॉक्टर नाझनीन कोतवाल यांनी पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “खैरनार, मीठ कमी केलंत, गोळ्या वेळेवर घेताय, सोमेश्वरच्या देवळापर्यंत चालून येता. तरी दाब हटत नाही. राहिलं काय? ही बघा.”

पडद्यावर सगळ्यात वर नाव होतं, विजया देवरे. भार अठ्ठावीस.

जयवंतला हसूच आलं. “अहो, बहीण आहे माझी ती.”

“बहुतेकांची बहीणच असते. नाहीतर भाऊ,” डॉक्टर म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. “ती येऊन गेली की तुमचा दाब उतरायला संध्याकाळ होते. तुमच्या वयाला हे परवडणारं नाही. मी कायमचं तोडा म्हणत नाहीये. ‘समतोल’ फोन थोपवेल, निरोप मऊ करून तुमच्यापर्यंत पोचवेल, तुमच्या वतीने उत्तरही देईल. तुम्हाला काही करायचं नाही. फक्त हो म्हणायचं.”

काहीही करायचं नव्हतं, हीच त्यातली खरी गोडी होती.

विजू म्हणजे विजया, जयवंतची धाकटी बहीण, सिडकोत राहायची. तिच्या नाकावर राग आणि तोंडाचा पट्टा चालू, हे लहानपणापासूनच. जयवंतची बायको सुनीती गेल्यापासून दर रविवारी ती न सांगता यायची, पायातल्या चपला काढता काढता भांडायला सुरुवात करायची. फ्रिज उघडून लोणच्याची बरणी बाहेर काढायची. “हे काय आहे? मीठच खायचं असेल तर सरळ डबा तोंडात ओतून घे ना दादा, वर कैरी कशाला?” मग तो म्हणायचा, तुला कोणी बोलावलं होतं? मग ती म्हणायची, बोलवायला तू कोण, हे माझ्या वहिनीचं घर आहे. दोघांचे आवाज तळमजल्यापर्यंत जायचे. आणि अंगाचा तिळपापड झालेला असतानाच ती त्याच्यासाठी आठवड्याची शेंगदाण्याची चटणी कुटायची, तो तिच्या मिक्सरचं बिघडलेलं झाकण दुरुस्त करायचा. त्या दोघांना एकमेकांशी गोड बोलता येतच नव्हतं. प्रयत्न केला तर दोघांनाही वाटायचं, याला काय झालं, ताप आहे की काय.

तिच्या मुलीचं, मैथिलीचं, मात्र तसं नव्हतं. जयवंतला मूलबाळ नाही; मैथिलीच्या सगळ्या सुट्ट्या मामाकडे गेल्या. तिचं अभ्यासाचं टेबल त्याने मिस्त्रीला हात लावू न देता स्वतः केलं होतं. तिचा भार अकरा निघाला. तिच्याशी तर कधी भांडण होत नव्हतं, मग अकरा कशाचे? ती आली की जयवंत पोट धरून हसायचा, ते हसण्याचे अकरा होते. पण हा विचार त्याच्या मनात तेव्हा आला नाही. त्याने दोघींसाठी हो म्हटलं.

विजूला त्याने काही सांगितलं नाही. बहिणीला कोणत्या तोंडाने सांगणार, की डॉक्टरांनी तुला लोणच्याच्या पंक्तीत बसवलंय? त्यातून दोनच दिवसांपूर्वी दोघांचं कडाक्याचं वाजलं होतं. सुनीतीच्या साड्या कपाटात तशाच पडून होत्या. विजूने त्या न विचारता बाहेर काढल्या आणि गाठोडी बांधायला घेतली. “किती दिवस कवटाळून बसणार आहेस? कुणा गरजू बाईच्या अंगावर तरी पडू देत.” जयवंत संतापला. नाही नाही ते बोलला. विजूही बोलली आणि रडत रडत निघून गेली. जयवंतच्या डोक्यातून ते भांडण संध्याकाळपर्यंत गेलंही. त्यांच्यात असं दर महिन्याला व्हायचं.

पण खैरनारांच्या घरात अबोल्याला नियम होते. त्यांचे वडील तापट. घरात सतत कुणी ना कुणी अबोला धरलेला असायचा. म्हणून वडिलांनीच घालून दिलेलं, की ज्याने अबोला धरला त्यानेच तो मोडायचा. दुसऱ्याने मध्ये जाऊन मनधरणी करायची नाही, कारण विचारायचं नाही. त्याला गप्प बसायचा हक्क आहे. तो आपणहून येऊन बोलला की सगळ्यांनी काही झालंच नाही असं वागायचं. लहानपणी विजू कधी कधी आठवडा आठवडा गप्प राहायची आणि मग एकदम येऊन जयवंतच्या पाठीत धपाटा घालायची. त्या धपाट्याची वाट बघणं जयवंतला पक्कं ठाऊक होतं.

‘समतोल’ला हे नियम कोणी सांगितले नव्हते.

पथ्याचे पहिले काही महिने जयवंतला खरोखरच स्वर्गात असल्यासारखे वाटले. फोनवर मजकूर यायचा: ‘विजया देवरे. घरगुती विषय. तातडी नाही. उत्तर दिले: नंतर बोलतो.’ तो वाचून त्याला हायसं वाटायचं. हे त्याने स्वतःशीही कधी नाकारलं नाही, की हायसं वाटायचं. विजूचा आवाज नेहमीच आग लागल्यासारखा असल्यामुळे यंत्राने तो आवाज तिचा साधा आवाज म्हणून धरला होता, आणि त्यात तातडी अशी कधी सापडलीच नाही. कधी वाटायचं, बघावं काय म्हणतेय. मग आकडा हिरवा दिसायचा, दुपारची झोप छान लागलेली असायची, आणि फोन लावणं जिवावर यायचं. उद्या बघू. पुढे मजकूर कमी झाले. मग थांबले.

जयवंत मनाशी म्हणाला, हं, धरला वाटतं विजूने अबोला. साड्यांचं अजून मनात असेल. धरू दे. मोडेल तिची ती.

अबोला तिचा, म्हणजे मोडायचा तिने. नियम होता. तो निवांत राहिला.

मग मात्र घर मोठं वाटू लागलं. इरफान चौदाच्या भाराचा म्हणून समोरून गेला. तळमजल्यावरचे काळोखे, ज्यांच्याशी पार्किंगवरून वीस वर्षांचं वैर होतं, ते गेले. लिफ्टपाशी उभं राहिलं की मनगट सांगायचं, ‘आत भाराची व्यक्ती आहे, पुढची लिफ्ट घ्या,’ आणि आतल्या माणसाचं मनगट त्याला तेच सांगत असायचं. आपल्यालाही कुणीतरी वर्ज्य केलेलं असणार, हे त्याच्या पहिल्यांदा तिथेच ध्यानात आलं. ‘समतोल’ने त्याला दोन हिरवी माणसं सुचवली. त्यातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याबरोबर तो रोज संध्याकाळी बागेत बसू लागला. गृहस्थ अतिशय सज्जन. हवा छान आहे म्हणायचे. जयवंतही म्हणायचा, छान आहे. दोघांचे आकडे इतके उत्तम असायचे की पाहत राहावं. महिन्याभराने ते गृहस्थ यायचे बंद झाले आणि त्यांचं आडनाव काय होतं हे जयवंतला आठवेना.

त्या सकाळी एकशे अठराचा आकडा घेऊन तो डॉक्टर कोतवालांकडे गेला तो शाबासकी घ्यायलाच. पण डॉक्टरांनी शाबासकी दिली नाही. त्या बराच वेळ आलेखाकडे बघत राहिल्या.

“दिवस उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “मला तुमची रात्र आवडत नाहीये.”

“झोप लागते मला.”

“झोप लागते, पण दाब झोपत नाही. माणूस झोपला की दाब दहा-पंधरा टक्क्यांनी उतरायला हवा. तेवढीच रक्तवाहिन्यांना विश्रांती. तुमचा गेलं वर्षभर उतरतच नाहीये. अंग रात्रभर पहाऱ्यावर असल्यासारखं जागं राहतंय.” त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही एकटे नाही. पथ्य नीट पाळणाऱ्या बऱ्याच जणांत हे दिसायला लागलंय.”

“म्हणजे यंत्र चुकलं?”

“यंत्राने चढ मोजला, आणि बरोबर मोजला. पण चढ कशाचा होता ते त्याला कळत नाही. संतापाने दाब चढतो, तसा नात्यातलं कुणी पोटभर हसवून गेलं तरी चढतो. आम्ही सगळ्याच चढांना वाईट धरलं. घाई केली, असं मला आता वाटतं.” “माझा भाऊ मालेगावला असतो. चोवीस भार. मी पण त्याच्याशी बोललेली नाहीये.”

जयवंत उठला.

बाहेर खुर्च्या दूर दूर मांडलेल्या होत्या. एका खुर्चीवर इरफान मिस्त्री बसला होता. बायकोला तपासायला घेऊन आला होता. जयवंतचं मनगट थरथरलं. ‘भार चौदा. अंतर ठेवा.’ दीड वर्षात त्या माणसाचं तोंड पाहिलं नव्हतं. जयवंत मुद्दाम त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.

इरफान दचकला, मग त्याचा चेहरा खुलला. “शेठ! अहो किती बारीक झालात. तब्येत बरी आहे ना? मैथिलीच्या लग्नात दिसला नाहीत, तेव्हाच मी बायकोला म्हटलं, शेठ नक्की ॲडमिट असणार. त्याशिवाय हा माणूस राहायचा नाही.”

“कुणाच्या लग्नात?”

इरफानने आधी त्याच्याकडे हसून पाहिलं. मग त्याचं हसू हळूहळू मावळलं.

“दिवाळीनंतर झालं ना, शेठ. त्र्यंबक रोडला, लॉन्सवर. ताईंनी मला घरी येऊन पत्रिका दिली.” त्याने मान खाली घातली. “मला वाटलं तुम्हाला... माफ करा. मी बोलायला नको होतं.”

जयवंतचं मनगट पिवळं झालं, मग तांबडं. कानात मऊ आवाजात ‘समतोल’ सांगू लागला, श्वास सावकाश घ्या, या व्यक्तीपासून दूर जा. जयवंतने कानातला मणी उपटून खिशात टाकला. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तेवढ्यासाठीच मामा असतो. मैथिली लहान असताना म्हणायची, मामा, तू उंच आहेस, मागे उभा राहिलास की मला फोटोत सावली पडेल. तो म्हणायचा, मी वाकून उभा राहीन.

“मग मागे कोण उभं राहिलं रे?” त्याने विचारलं.

बायकोचं नाव पुकारल्यावर इरफान जयवंतच्या खांद्यावर हात ठेवून आत गेला.

सिडकोपर्यंत गाडी आपली आपण जात होती आणि जयवंत मागच्या सीटवर बसून भांडणाची तयारी करत होता. विजू दार उघडून ते तोंडावर आपटणार, हे नक्की. आपटू दे. दारातच सुरू होईल, शेजारीपाजारी बाहेर येतील, ती वडिलांपासून सगळं काढेल. साड्या काढेल. शिव्याशापही देईल. तो ऐकून घेणार होता. मग तोही ओरडणार होता, की फोन उचलला नाही म्हणून काय झालं, दारात येऊन उभं राहायला काय झालं होतं तुला? आणि मग ती रडेल, आणि मग ती आत जाऊन काहीतरी खायला घेऊन येईल. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला जिवंत असल्यासारखं वाटत होतं. दाब एकशे साठला टेकला होता.

बेल वाजवल्यावर विजूनेच दार उघडलं. केस बरेच पांढरे झाले होते.

“अरे, दादा,” ती म्हणाली. “ये. बस.”

ती बाजूला झाली. तो सवयीने स्वयंपाकघराकडे वळला तर ती म्हणाली, “इथेच बस ना, पंखा आहे.” तो सोफ्यावर बसला. तिने तांब्याभांडं न आणता ट्रेमधून काचेच्या पेल्यात पाणी आणलं. कशी आहे तब्येत, विचारलं. अविनाशराव, म्हणजे तिचा नवरा, कामाला गेलेत, सातपर्यंत येतील, हे सांगितलं.

“विजू, मला कळलंच नाही,” जयवंत म्हणाला. त्याला धाप लागली होती. “आईशप्पथ कळलं नाही. ते यंत्र, डॉक्टरांनी लावून दिलेलं...”

“हो, मैथिली नंतर म्हणाली होती, असं काहीतरी निघालंय म्हणून. मला तेव्हा माहीत नव्हतं.” ती समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली होती. “बरं केलंस. तब्येत सांभाळायलाच हवी या वयात.”

“तू फोन केला होतास ना?”

“केला होता. तारीख ठरली त्या दिवशी पहिला तुलाच केला. नंतर बोलतो म्हणालास. मग पुन्हा केले. मग मला वाटलं, साड्यांवरून तू अबोला धरलायस.” ती हे सगळं ग्रामपंचायतीचा दाखला वाचून दाखवावा तसं सांगत होती. “माझंही चुकलंच होतं. वहिनीचं कपाट मी उघडायला नको होतं. म्हटलं, राहू दे, त्याचा हक्क आहे. बाबांचं सांगणंच होतं ना, मोडायला जायचं नाही.”

“अगं, पण लग्न होतं! लग्नाला तरी नियम मोडायचा!”

“हो, मोडायला हवा होता,” ती म्हणाली. “मी रोज म्हणायची, आज येईल. हळदीला म्हटलं येईल. मुहूर्ताला गुरुजी थांबले थोडा वेळ. मैथिली दरवाजाकडे बघत होती. मग अविनाशच्या मित्राला उभं केलं. चांगला माणूस आहे. तुझ्याएवढाच उंच.”

जयवंतने तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा शांत होता, आणि ती शांतता दाबून धरलेल्या रागाची नव्हती. तो तिला ओळखत होता. दाबलेला राग विजूच्या नाकपुड्यांत दिसायचा. तिथे काही नव्हतं.

ती चहा घेऊन आली. पाहुण्यांच्या कपबश्यांत. बशीत चार बिस्किटं.

तेव्हा जयवंत घाबरला. आणि घाबरून त्याने जे त्याला येत होतं तेच केलं. “लॉन्सवर कशाला केलंत पण? डास फोडून खातात तिथे.”

“हो, डास होते थोडे.”

“आणि मुलगा काय करतो म्हणे?”

“द्राक्षबागांवर ड्रोनने फवारणी करतो. दिंडोरीला.”

“म्हणजे पतंगबाजी! एवढी शिकलेली पोरगी तू पतंग उडवणाऱ्याला दिलीस?” त्याने आवाज चढवला होता. पूर्वीच्या विजूने या एका वाक्यावर त्याला जिन्यापर्यंत हाकललं असतं.

विजू किंचित हसली. “तसंच काहीसं. पण सुखात आहेत दोघं.” आणि बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. “घे ना. बिनमिठाची आहेत, तुला चालतील.”

मनगट हलकेच थरथरलं. जयवंतने पाहिलं. आकडा एकशे साठवरून उतरून एकशे सोळा-चौऱ्याहत्तरवर आला होता. खाली बारीक अक्षरं सरकत होती. ‘विजया देवरे. नवा भार: तीन. व्यक्ती हिरव्या गटात. पथ्य संपले. आता रोज भेटू शकता.’

“काय म्हणतंय?” विजूने विचारलं.

“म्हणतंय, तू आता मला चालतेस.”

“बरं झालं की,” ती म्हणाली.

चहा संपला. मैथिलीचा नंबर मागावा असं त्याच्या ओठांवर आलं, पण नंबर त्याच्याकडे होताच; दोन वर्षं तो तिथेच होता. तो उठला. विजू दारापर्यंत आली. पूर्वी ती जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग गाडीच्या काचेपर्यंत भांडत यायची. आता उंबऱ्याच्या आतच थांबली आणि म्हणाली, “आलास, बरं वाटलं. वेळ मिळाला की येत जा.”

हे वाक्य त्याने आयुष्यात शेकडो घरांत ऐकलं होतं. गिऱ्हाइकांच्या घरांत, कपाटं बसवून झाल्यावर.

तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. दार लागायच्या आत वळला.

“विजू.”

“काय रे? विसरलास काही?”

“भांड ना माझ्याशी,” जयवंत म्हणाला. सत्तावन्न वर्षांचा माणूस जिन्यात उभा राहून हे मागत होता. “काय हवं ते बोल. मी आपणहून आलोय ना? अबोला मोडलाय ना मी? मग बोल की आता. घाल शिव्या.”

विजूने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. तिने खरोखरच शोधून पाहिलं असावं, कारण मध्येच तिच्या कपाळाला एक आठी पडली आणि पुन्हा गेली. मग तिने मान हलवली.

“नाही येत रे दादा आता,” ती म्हणाली. “लग्नाच्या रात्री सगळं ओरडून झालं माझं. तू नव्हतास.”

आत कुकरची शिट्टी झाली. विजू गॅस बंद करायला आत गेली. दार तिने लावलं नव्हतं, पण आत ये असंही ती म्हणाली नव्हती. जयवंत जिन्यात उभा राहिला. न बोलावता त्या घरात शिरायला त्याला कधी विचार करावा लागला नव्हता, आणि आज त्याचा पाय उचलेना.